डिमेन्शियाचा सरकारी आराखडा: निदानानंतरच्या वर्षांचं काय?

प्रश्न असा आहे: एका आरोग्य विभागाने डिमेन्शियासाठी (स्मृतिभ्रंशासाठी) पाच वर्षांचा आराखडा करायला घेतला आहे. मसुद्यात चार गोष्टी आहेत: मोठ्या रुग्णालयांत मेमरी क्लिनिक (स्मृतीच्या तक्रारी तपासून निदान करणारे विभाग), साठीपुढच्या सगळ्यांची स्मृती-तपासणी मोहीम, जनजागृती आणि शंभर खाटांचं एक निवासी केंद्र. पैसा मर्यादित आहे. यातलं आधी काय घ्यावं आणि मसुद्यात काय राहून गेलंय, असं समितीतल्या एका सदस्याने विचारलं आहे.

थोडक्यात उत्तर आधी देते. मेमरी क्लिनिक ठेवा, पण आटोपशीर. तपासणी मोहीम काढून टाका. निवासी केंद्राचं बांधकाम पहिल्या तीन वर्षांत नको. राहून गेलाय तो निदानाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा सगळा काळ. हा काळ वर्षांत मोजायचा असतो. रुग्ण घरीच असतो आणि घरातलं एक माणूस, बहुतेकदा बायको, मुलगी किंवा सून, त्याच्याबरोबर बांधलं गेलेलं असतं. मसुद्यात या माणसासाठी एक ओळही नाही. वृद्धांच्या मानसोपचारात काम करताना आणि अशा समित्यांवर बसताना मला बहुतेक मसुदे याच आकाराचे दिसले. दोन टोकांना, म्हणजे निदानाला आणि संस्थेला, इमारत लागते, उद्‌घाटन होतं, फोटो निघतो. मधल्या काळात माणसं लागतात आणि त्यांचे पगार दरवर्षी द्यावे लागतात. घोडं तिथेच पेंड खातं.

आधी गरजेचा अंदाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता, आणि दरवर्षी एक कोटीच्या आसपास नवे रुग्ण वाढतात. २०१९ चा जगभरचा खर्च १.३ लाख कोटी डॉलर धरला गेला. त्यातला जवळजवळ निम्मा भाग कोणी कोणाला दिलेलाच नाही. घरच्यांनी दिलेल्या वेळाची ती किंमत आहे. सांभाळणारे दिवसाला सरासरी पाच तास देतात आणि या तासांपैकी सत्तर टक्के स्त्रिया देतात. म्हणजे सेवा आजही मिळते आहे, फक्त ती सरकारच्या खात्यात दिसत नाही. ती देणारं माणूस आजारी पडलं, नोकरी सोडून बसलं किंवा हात टेकून मोकळं झालं की मगच ती रुग्णालयाच्या खाटेच्या रूपाने अंदाजपत्रकात उगवते.

तुमच्या भागातला आकडा काढताना रुग्णालयांच्या नोंदवह्यांवर विसंबू नका. जिथे निदानच कमी होतं तिथे नोंदी प्रत्यक्षाच्या कितीतरी खाली असतात. वयोगटानुसार लोकसंख्या घ्या आणि तिला घरोघरच्या पाहणीतून आलेलं प्रमाण लावा. भारतापुरतं बोलायचं तर लासी-डॅड या पाहणीतून साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख असा अंदाज निघाला. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी हे प्रमाण साधारण दुप्पट होत जातं, त्यामुळे साठीपुढचे सगळे एकाच गटात टाकले तर हिशेब चुकतो. ऐंशीपुढची लोकसंख्या वेगळी काढा. पुढच्या दहा वर्षांतला ताण तिथूनच येणार आहे. आणि पासष्टीच्या आतले विसरू नका. एकूण रुग्णांपैकी नऊ टक्क्यांपर्यंत पासष्टीच्या आत सुरुवात झालेले असू शकतात. त्यांची मुलं शाळेत असतात, डोक्यावर कर्ज असतं, आणि ज्येष्ठांच्या प्रत्येक योजनेच्या दारात त्यांचं वय आडवं येतं. योजनेच्या पात्रतेत वयाची अट टाकूच नका. डिमेन्शियाचं निदान झालेलं असणं पुरेसं आहे.

आता तपासणी मोहीम. तिच्याबद्दल मी इतकी ठाम का, ते सांगते, कारण राजकीयदृष्ट्या ही मोहीम सगळ्यांना आवडते. समजा हजार ज्येष्ठांची तपासणी केली आणि त्यातल्या सत्तर जणांना खरोखर डिमेन्शिया आहे. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे असं धरू: शंभरांतले पंच्याऐंशी रुग्ण पकडते आणि शंभरांतल्या पंच्याऐंशी निरोग्यांना मोकळं सोडते. मग सत्तरपैकी साठ सापडतील. पण उरलेल्या ९३० निरोगी लोकांपैकी जवळजवळ १४० जणांवरही शिक्का बसेल. ज्या दोनशे जणांना 'पुढे तपासून घ्या' असं सांगितलं, त्यांतले दहापैकी सात निरोगी निघणार. शिबिरात तर चाचणी इतकीही चांगली नसते. शाळा कमी झालेली, ऐकू कमी येतं, चष्मा घरी राहिलेला, जोडीदार नुकताच गेलेला, रात्री झोपेची गोळी घेतलेली, असे सगळे त्यात नापास होतात. आणि या दोनशे जणांना बघायला तज्ज्ञ किती आहेत? ज्यांना खरी गरज आहे त्यांची रांग तेवढी लांबते.

हे माझं एकटीचं मत नाही. लक्षणं नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट स्मृती-तपासणी करावी असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२० मध्ये दिला. ब्रिटनची राष्ट्रीय तपासणी समितीही अशा मोहिमेची शिफारस करत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या ऑक्टोबरात निदानाचा आकडा वाढवण्यासाठी फॅमिली डॉक्टरांना दर नव्या निदानामागे ५५ पौंड द्यायचं ठरलं. डॉक्टरांनीच ओरड केली, रुग्णाच्या डोक्यावर किंमत लावल्यासारखं झालं म्हणून, आणि २०१५ च्या मार्चअखेर ती योजना संपली. तरी तिथे आजही दर महिन्याला जाहीर होणारा ठळक आकडा आहे तो निदानाच्या प्रमाणाचा: अंदाजित रुग्णांपैकी दोन तृतीयांश लोकांचं निदान झालेलं असावं, हे लक्ष्य. त्या निदान झालेल्यांना पुढे काय मिळालं याचा तितकाच ठळक मासिक आकडा नाही. सरकारी यंत्रणा मोजलं जातं तेच करते.

तपासणी मोहिमेऐवजी हवंय ते साधं आहे. कोणी स्वतःहून किंवा घरच्यांनी तक्रार घेऊन आलं, किंवा औषधं चुकतायत, पैशाचे व्यवहार बिघडलेत असं परिचारिकेच्या लक्षात आलं, तर 'वय झालं, चालायचंच' म्हणून परत पाठवायचं नाही. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला एवढं यावं: थोडक्यात चाचणी घेणं, घरच्यांकडून माहिती घेणं, थायरॉइड, बी-१२, नैराश्य, कानांची तक्रार आणि चालू औषधं तपासणं, आणि अचानक आलेला गोंधळ (डिलिरियम) वेगळा ओळखणं. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एमएचगॅप ही बिगर-तज्ज्ञांसाठीची मार्गदर्शिका तयार आहे. बहुतेक नेहमीच्या रुग्णांचं निदान इथे होऊ शकतं. मेमरी क्लिनिककडे तरुण वयातले, वेगाने बिघडणारे, भास होणारे, गुंतागुंतीचे रुग्ण जावेत. म्हणून म्हटलं, क्लिनिक आटोपशीर. प्रत्येक विसराळू माणसाला तिथे पाठवायचं ठरवलं तर वर्षभरात तिथली प्रतीक्षायादी हीच बातमी होईल.

तर निदान झालं. पुढे?

स्कॉटलंडने २०१० मध्ये पहिलं धोरण केलं आणि २०१३ पासून एक हमी दिली: नव्याने निदान झालेल्या प्रत्येकाला किमान वर्षभर, नेमून दिलेल्या एका प्रशिक्षित कार्यकर्त्याची साथ. कोणत्याही सरकारने डिमेन्शियाबाबत दिलेलं इतकं नेमकं वचन मला दुसरं आठवत नाही. 'सेवा बळकट करू' नाही. कोण, कोणाला, किती काळ, हे सांगितलेलं. प्रत्यक्षात काय झालं तेही बघा. अनेक वर्षं अंदाजित नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी लोक या सेवेपर्यंत पोचले, कारण कार्यकर्त्यांची संख्या हमीच्या मागे राहिली. पण हमी लिहिलेली होती म्हणूनच ही तूट दरवर्षी मोजता आली आणि सरकारला तिच्याबद्दल जाब विचारता आला. दक्षिण कोरियाने २०१७ मध्ये डिमेन्शिया ही राष्ट्राची जबाबदारी असल्याचं जाहीर केलं आणि प्रत्येक स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत एक, अशी २५६ केंद्रं उभी केली. तिथे निदान, नोंदणी, सल्ला आणि कुटुंबासाठीचे वर्ग एकाच छताखाली मिळतात. अमेरिकेत जुलै २०२४ पासून मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याखाली गाइड नावाचा आठ वर्षांचा प्रयोग सुरू आहे. त्यात कुटुंबाला एक मार्गदर्शक नेमून मिळतो, चोवीस तास फोन करता येतो, आणि ठरावीक रुग्णांच्या घरच्यांना विश्रांती मिळावी म्हणून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची पर्यायी देखभाल मिळते.

तिन्ही ठिकाणची व्यवस्था वेगळी असली तरी एक गोष्ट सारखी आहे: कुटुंबाला एक ठरलेलं दार किंवा एक ठरलेलं माणूस. तुमच्या आराखड्याचा कणा हाच असावा असं माझं म्हणणं आहे. हा कार्यकर्ता डॉक्टर असण्याची गरज नाही. परिचारिका, समाजकार्यकर्ता, अनुभवी आरोग्यसेविका, कोणीही चालेल, मात्र प्रशिक्षण खरं हवं आणि अनुभवी माणसाची देखरेख कायम हवी. एका कार्यकर्त्याकडे पन्नासच्या आसपास कुटुंबं असली तर काम होतं. दोनशे दिली तर ती फक्त यादी उरते.

ही कार्यकर्ती काय करते? निदानानंतर पंधरवड्याच्या आत घरी जाते. आजार काय आहे, पुढे काय होईल, हे रुग्णाला आणि घरच्यांना वेगवेगळं बसवून सांगते, कारण एकमेकांसमोर ते खरं विचारत नाहीत. रुग्णाला अजून निर्णय घेता येतात तोवर बँक, मालमत्ता, मृत्युपत्र आणि पुढच्या उपचारांबद्दलची त्याची इच्छा ही कागदपत्रं मार्गी लावते. हे काम सहा महिने लांबलं तर पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागते. गाडी चालवणं कधी थांबवायचं, हा कोणालाच नको असलेला विषय ती काढते. संध्याकाळी 'मला घरी जायचंय' म्हणून स्वतःच्याच घरातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाशी वाद न घालता कसं बोलायचं, आंघोळीला नकार आला तर काय करायचं, रात्रीची जाग कशी सांभाळायची, हे दाखवते. आणि दर भेटीत सांभाळणारीचा रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती विचारते. हे शेवटचं तिच्या कामाच्या यादीत लिहून ठेवा, नाहीतर ते सगळ्यात आधी गळतं.

'नुसत्या सल्ल्याने काय होतं?' असा प्रश्न वित्त विभाग विचारणारच. त्याला न्यूयॉर्क विद्यापीठातला अभ्यास दाखवा. आजारी जोडीदाराला सांभाळणारे ४०६ जण त्यात होते. अर्ध्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका (त्यांपैकी चार इतर नातेवाइकांसह), आधारगट आणि हवा तेव्हा फोन करण्याची सोय मिळाली. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार या गटातले रुग्ण संस्थेत दाखल होणं मध्यक (मेडियन) धरला तर ५५७ दिवसांनी लांबलं. दीड वर्ष. शंभर खाटांच्या खर्चाशेजारी हा आकडा मांडून बघा.

पात्रतेच्या नियमांकडे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण चांगल्या योजना इथे निकामी होतात आणि मसुदा करणाऱ्यांचं लक्ष बहुधा नसतं. मदतीची गरज ठरवण्याच्या जुन्या पद्धती शरीराभोवती रचलेल्या आहेत: चालता येतं का, जेवता येतं का, कपडे घालता येतात का. मध्यम अवस्थेतला डिमेन्शियाचा रुग्ण हे सगळं करतो. तो ठणठणीत चालतो, आणि हीच अडचण असते. त्याला दहा मिनिटंही एकटं सोडता येत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये सक्तीचा दीर्घकालीन काळजी विमा सुरू केला, तेव्हा शरीराची निगा, खाणं आणि हालचाल यांत किती मिनिटं मदत लागते यावर दर्जा ठरायचा. अखंड लक्ष ठेवण्याची मिनिटं त्यात बसत नव्हती. मधल्या काळात ठिगळं लावली गेली, पण मूळ मोजमाप बदलायला २०१७ उजाडलं. तेव्हा पाच श्रेणींची नवी रचना आली आणि आकलन, संवाद, वर्तन यांना गुण मिळू लागले. दक्षिण कोरियानेही दीर्घकालीन काळजी विमा सुरू केल्यावर काही वर्षांनी, २०१४ मध्ये, डिमेन्शियासाठी वेगळी श्रेणी जोडली आणि २०१८ मध्ये शरीराने धडधाकट असलेल्या सौम्य रुग्णांनाही आत घेतलं. तुम्ही कोरी पाटी घेऊन बसला आहात, तर हे पहिल्याच दिवशी करा. मूल्यमापनाच्या अर्जात 'एकटं किती वेळ सोडता येतं?' आणि 'रात्री किती वेळा उठावं लागतं?' हे दोन प्रश्न घाला आणि त्यांना शारीरिक परावलंबनाइतकेच गुण द्या. उत्तरं घरच्यांकडूनही घ्या. तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर बसलेला रुग्ण त्या अर्ध्या तासात विलक्षण नीटनेटका वागतो. 'मी स्वयंपाक करते, बाजारात जाते, मला कोणाची गरज नाही' असं छातीठोकपणे सांगतो, आणि अर्ज फेटाळला जातो.

मग विसावा, म्हणजे सांभाळणाऱ्याला काही तास किंवा काही दिवस सुट्टी. याचं सगळ्यात उपयोगी रूप म्हणजे डे-केअर, आणि डे-केअर ओस पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाहन. केंद्र छान असतं, पण तिथपर्यंत रुग्णाला नेणं-आणणं यात नोकरी करणाऱ्या मुलीची सकाळ जाते. म्हणून वाहतुकीची तरतूद केंद्राच्याच लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यात) ठेवा, वेगळ्या फायलीत नको. वेळही कामाच्या वेळेशी जुळायला हवी. दहा ते चार चालणारं केंद्र नोकरदाराच्या काहीच कामाचं नाही. शिवाय थोड्या खाटा तातडीच्या ठेवा. सांभाळणारी बाईच पडली, तिला रुग्णालयात ठेवावं लागलं, तर त्या रात्री रुग्णाला कुठे न्यायचं? याचं उत्तर नसतं तेव्हा दोघंही रुग्णालयात दाखल होतात, एक आजारी म्हणून आणि दुसरा बरोबर आला म्हणून.

निवासी केंद्राबद्दल. नेदरलँड्समधल्या वेस्प गावचं हॉगवेक, २००९ मध्ये पूर्ण झालेली ती डिमेन्शियाच्या रुग्णांची वसाहत, जगभरची शिष्टमंडळं बघून येतात आणि परत आल्यावर तसंच काहीतरी बांधायची भाषा करतात. मला त्या कल्पनेबद्दल आदरच आहे. पण तिच्यामागे त्या देशाची दशकानुदशकांची काळजी-व्यवस्था आणि निधी उभा आहे. भिंती आणता येतात, ती व्यवस्था पेटीत घालून आणता येत नाही. शंभर खाटांचं एक केंद्र तुमच्या अंदाजित रुग्णांच्या किती टक्क्यांना पुरेल, हा भागाकार मसुद्यातच करून दाखवा. ज्यांना कोणीच नाही, किंवा ज्यांना घरी सांभाळणं खरोखर अशक्य झालंय, त्यांच्यासाठी निवारा लागतोच. तिथे जपानच्या समूह-घरांची पद्धत अधिक जवळची: एका घटकात पाच ते नऊ रहिवासी, नेहमीच्या वस्तीत, रोजची घरकामं जमतील तशी मिळून. एक मात्र आत्ताच करा: खासगी निवासी केंद्रांची नोंदणी, किमान कर्मचारीसंख्या आणि अचानक तपासणीचे नियम. मागणी वाढली की केंद्रं उगवतात, आणि कुलूप लावलेल्या खोलीत काय चालतं हे सांगणारा रुग्ण नसतो.

औषधांचा मुद्दा इथेच येतो. अस्वस्थ, ओरडणाऱ्या, रात्री फिरणाऱ्या रुग्णाला मनोविकारावरच्या भारी गोळ्या देऊन गप्प करणं सोपं असतं. किंग्ज कॉलेज लंडनचे प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी २००९ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी याचा अहवाल केला. डिमेन्शिया असलेले सुमारे १ लाख ८० हजार लोक ही औषधं घेत होते. त्यांतल्या ३६ हजारांना काही फायदा होत असावा, आणि दरवर्षी सुमारे १,८०० मृत्यू जास्तीचे होत असावेत, असा तो हिशेब होता. त्यानंतर तिथला वापर बराच उतरला. अस्वस्थतेमागे पुष्कळदा दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नुकतंच बदललेलं औषध असतं. आधी ते शोधायचं. आराखड्यात याचं रूप एवढंच: अशी गोळी सुरू केली तर कारण लिहायचं आणि ठरावीक आठवड्यांनी ती थांबवता येते का हे बघायचं, आणि जिल्हावार आकडा वर्षातून एकदा जाहीर करायचा.

आजाराची वाटचाल मंदावणाऱ्या नव्या औषधांबद्दल तुम्हाला कोणीतरी विचारेलच. त्यांपैकी लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ च्या जुलैत पूर्ण मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये औषध-नियामकाने परवानगी दिली आणि त्याच दिवशी खर्च-फायदा तपासणाऱ्या नाइस या संस्थेने, फायदा थोडा आणि खर्च फार म्हणून, सरकारी सेवेत ते नको असा मसुदा काढला. ही औषधं फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेत चालतात. आधी मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाची तपासणी आणि नंतर सूज-रक्तस्रावासाठी वारंवार एमआरआय लागतो. आराखड्यात त्यांना एक परिच्छेद पुरे. प्रतिबंधालाही तेवढाच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा धोके मोजले आणि ते सगळे काढून टाकता आले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल असं मांडलं. पण रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, ऐकू येणं, शिक्षण, तंबाखू, हवा ही कामं इतर कार्यक्रमांची आहेत. तिथे डिमेन्शियाचा उल्लेख घाला. या आराखड्याचे पैसे तिकडे वळवू नका.

आरोग्य विभागाबाहेरच्या गोष्टी मसुद्यात अजिबात नाहीत, आणि त्या हव्यात. जपानमध्ये २००७ मध्ये डिमेन्शिया असलेला एक ९१ वर्षांचा माणूस, वृद्ध पत्नीचा जरा डोळा लागलेला असताना, घराबाहेर पडला आणि रेल्वेखाली सापडला. रेल्वे कंपनीने विलंबाच्या नुकसानभरपाईसाठी कुटुंबावर दावा लावला. खालच्या न्यायालयांनी घरच्यांना जबाबदार धरलं. सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०१६ ला तो निकाल फिरवला. मधली सगळी वर्षं देशभरातल्या कुटुंबांना एकच धडा मिळत होता, की दाराला कुलूप लावा. पुढे कोबे शहराने २०१९ पासून रहिवाशांवर वर्षाला ४०० येनचा जादा कर बसवून त्यातून मोफत तपासणी-निदान आणि अशा अपघातांसाठीचं विमा-संरक्षण सुरू केलं. पोलीस, वाहतूक, बँका, कायदा, कामगार विभाग (सांभाळणाऱ्याची रजा!) यांना एकट्या आरोग्य सचिवाच्या पत्राने हलवता येत नाही. म्हणून जपानच्या २०२३ च्या मूलभूत कायद्याने, जो जानेवारी २०२४ पासून लागू आहे, धोरणाचं मुख्यालय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली ठेवलं आणि आराखड्यावर मत द्यायला डिमेन्शिया असलेल्या व्यक्तींना आणि कुटुंबीयांना बसवलं. तुमच्याकडेही समन्वय समिती आरोग्य विभागाच्या वर असावी. तिच्यात सुरुवातीच्या अवस्थेतले दोन रुग्ण घ्या. बैठक सकाळी आणि छोटी ठेवा, कागद आधी द्या.

पैशाबद्दल फ्रान्सचं उदाहरण नेहमी देते. २००८ ते २०१२ च्या आराखड्याला त्यांनी १.६ अब्ज युरोची तरतूद जाहीर केली: १.२ अब्ज घरगुती आणि सामाजिक आधारासाठी, २० कोटी वैद्यकीय सेवेसाठी, २० कोटी संशोधनासाठी. म्हणजे चार हिश्श्यांपैकी तीन मधल्या काळाला. तुमच्या मसुद्यात मला जेवढं दिसतंय त्यावरून हे प्रमाण नेमकं उलटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ठरवलं होतं की २०२५ पर्यंत सदस्य देशांपैकी पाऊणशे टक्के, म्हणजे १४६ देशांत, डिमेन्शियाचं धोरण असेल. २०२१ च्या आढाव्यात जेमतेम पाव देशांत ते होतं, आणि आता ती कृती-योजना २०३१ पर्यंत वाढवली आहे. पण धोरण आहे की नाही यापेक्षा मी त्यात स्वतंत्र लेखाशीर्ष आहे की नाही ते बघते. 'उपलब्ध निधीतून' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर कामही जातं.

मोजायचं काय? शिबिरांची संख्या आणि वाटलेली पत्रकं नकोत. पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत किती दिवस गेले. निदान झालेल्यांपैकी कितीजणांकडे महिन्याच्या आत कार्यकर्ता घरी गेला. किती कुटुंबांना वर्षात एकदा तरी विसावा मिळाला. भारी गोळ्या कितीजणांना आणि किती आठवडे. शेवटच्या तीन महिन्यांत किती वेळा रुग्णालयात हलवलं. हा शेवटचा आकडा सगळ्यांत दुर्लक्षित आहे. डिमेन्शिया हा जीव घेणारा आजार आहे, आणि शेवटच्या टप्प्यात गिळणं बंद होतं तेव्हा घरच्यांसमोर नळीचा प्रश्न येतो. अंतिम अवस्थेत नळीने अन्न देऊ नये, हाताने जमेल तेवढं भरवावं, अशी अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीची २०१४ ची शिफारस आहे. हे बोलणं आधी झालेलं नसेल तर मध्यरात्री, अनोळखी डॉक्टरसमोर होतं. वेदनाशामक उपचारांचं पथक तुमच्याकडे कर्करोगासाठी असेलच. त्याच्या कार्यकक्षेत डिमेन्शिया घालायला नवीन इमारत लागत नाही, एक आदेश लागतो.

क्रमाबद्दल शेवटचं. पहिल्या वर्षी दोन-तीन जिल्हे घ्या, तिथे कार्यकर्ते नेमा, प्राथमिक डॉक्टरांचं प्रशिक्षण करा, पात्रतेचा अर्ज तपासून बघा. दुसऱ्या वर्षी त्याच जिल्ह्यांत डे-केअर आणि वाहन. जनजागृती सगळीकडे एकदम करू नका. जिथे सेवा सुरू झाली आहे तिथेच करा, कारण जाहिरात वाचून आलेल्या माणसाला द्यायला काही नसेल तर तो परत येत नाही. वयोगटानुसार जिल्हावार अंदाजाचा तक्ता झाला की पाठवा. कार्यकर्ते किती लागतील आणि पहिल्या वर्षाचा पगाराचा आकडा किती होईल, ते त्यावरून काढता येईल.